अर्धं पुस्तक सावद्यात, अर्धं धुळ्यात

होळी झाली की जळगावच्या रस्त्यांवर कुलरचं गवत विकणाऱ्या हातगाड्या उभ्या राहतात. पिवळट, कुरळ्या भुशाचे गठ्ठे, वर ताडपत्री आणि झाडाच्या सावलीत स्टुलावर बसलेला विक्रेता. तो ओरडत नाही. त्याला ओरडायची गरज पडत नाही. वृत्तपत्राच्या कचेरीतही याच दिवसांत एक ठरावीक काम सुरू होतं. तापमानाच्या बातमीला रोज नवा मथळा शोधायचा. पारा चढतो, सूर्य आग ओकतो, अंगाची लाहीलाही होते, रस्ते ओस पडतात. शब्द तेच असतात, क्रम बदलायचा असतो. शेजारच्या रकान्यात केळीचे भाव. माझी नोकरीची बहुतेक वर्षं या दोन बातम्यांच्या मधे गेली आहेत.

यंदाही गवत आणलं. कुलरच्या जाळ्या काढल्या, काळं पडलेलं जुनं गवत उपसलं. खिडकीची चौकट आणि कुलरचा पत्रा यांच्यामधे बोटभर फट आहे. तिच्यात कुल्फीची एक काडी अडकलेली होती. चपटी, लाकडी, एका टोकाला निळ्या शाईने काढलेला मासा. ती कोणाची हे मला लगेच कळलं. ती टाकून द्यायची की नाही, हे ठरवायला वेळ लागला. शेवटी होती तिथेच परत सरकवली आणि जाळी बसवली.

काडी दोन उन्हाळ्यांपूर्वीची आहे. मीनलची.

मीनल माझी भाची, सावद्याची. माझी थोरली बहीण अक्का हिची एकुलती एक मुलगी. तिच्या वडिलांना घरात आणि गावातही सगळे नाना म्हणतात. त्यांची केळीची बाग आहे. अकरावी-बारावीसाठी मीनल आमच्याकडे जळगावला राहायला आली. अकरावीची परीक्षा संपली आणि लगेच बारावीचे वर्ग सुरू झाले. वर्ग सकाळी असायचे. दुपारी बाहेर पडणं शक्य नसायचं. पुढच्या खोलीचे पडदे ओढून कुलरसमोर बसणं एवढंच करण्यासारखं होतं. आमच्या मागच्या गल्लीत मुलींचं वसतिगृह आहे. तिथे सायली नावाची धुळ्याची मुलगी राहायची, मीनलच्याच वर्गातली. वसतिगृहाचे पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलायचे, म्हणून तीही जेवण झालं की आमच्याकडे यायची.

"मामा, मी मीनलसाठी येते असं समजू नका हं," पहिल्याच दिवशी तिने सांगितलं. "मी तुमच्या कुलरसाठी येते."

"आणि मीनल?"

"ती कुलरसोबत फुकट मिळाली."

त्या खोलीची आठवण आधी नाकाला होते. ओल्या गवताचा वास, जुन्या कागदाचा वास, कापलेल्या डांगराचा वास. बाकी महाराष्ट्रात ज्याला खरबूज म्हणतात त्याला आम्ही डांगर म्हणतो. बशीत त्याच्या फोडी असायच्या आणि दोघी पानं उलटताना बोटं कुर्त्याला पुसायच्या. मग आवाज. कुलरची घरघर, टाकीत पडणाऱ्या पाण्याची बारीक धार आणि मधूनच फिस्सकन हसणं.

दोघी इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या. त्यांच्याच वयाच्या मुलामुलींवर लिहिलेल्या, जाडजूड, रद्दीच्या दुकानातून वजनावर आणलेल्या. मी त्यातली पहिली हातात घेतली ती नाराजीने. वाटलं होतं, प्रेमाबिमाचा पोरकटपणा असेल. तसं काही नव्हतं. एकीत धरणाखाली जाणाऱ्या गावात एक मुलगा शेवटच्या दिवसापर्यंत लोकांचे रेडिओ दुरुस्त करत बसतो. दुसरीत एक भांडकुदळ मुलगी रोज शाळेच्या छतावर चढून वारा मोजते आणि तिचं कोणी ऐकत नाही. या पुस्तकांतली मोठी माणसं बहुतेक वेळा काहीतरी लपवत असतात आणि मुलांना ते आधीच कळलेलं असतं. तेव्हा हे मी फक्त लेखकांची एक लकब म्हणून नोंदलं होतं.

एक दिवस कचेरीतून लवकर आलो तर फरशीवर एक कादंबरी पालथी पडलेली आणि मीनल तिच्या पाठीवर सुरी चालवत होती. सायलीने दोन्ही पुठ्ठे धरून ठेवले होते.

"अगं, काय करताय?"

"वाटणी," मीनल म्हणाली. डोकं वर काढलं नाही.

"पुस्तकाची?"

"एकच प्रत आहे, मामा. हिला धीर नाही."

"मला नाही? काल दुपारी माझ्या उशीखालून कोणी काढलं?"

सुरी शिवणीपर्यंत गेली आणि पुस्तकाचे दोन तुकडे झाले. मीनलने पहिला घेतला, सायलीने दुसरा. कचेरीतून आणलेल्या कोऱ्या छपाईच्या कागदाची दोघींनी वेष्टनं घातली. त्यानंतर प्रत्येक जाड पुस्तकाचं हेच झालं. जिच्याकडे उत्तरार्ध यायचा ती सुरुवात ठाऊक नसताना वाचायची आणि आधी काय घडलं असेल ते मनाने रचायची. मग अदलाबदल. नियम एकच होता. शेवट सांगायचा नाही. जिच्या तोंडून शेवट निसटेल तिने दुसरीला कुल्फी द्यायची. त्या कुल्फ्यांच्या काड्याच मग पुस्तकांत खुणेला घातल्या जायच्या. मीनलच्या काडीवर मासा, सायलीच्या काडीवर चप्पल.

मीनलला शेवट आधी कळलेला अजिबात खपायचा नाही. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूरही ती हाताने झाकून ठेवायची. रात्री कचेरीतून येताना मला क्रिकेटचा निकाल ठाऊक असायचा. सकाळी मी तोंड उघडायच्या आत ती दोन्ही कानांत बोटं घालून "सांगू नका, सांगू नका" करत अंगणात पळायची.

गाणी कुठून आली ते दोघींनाही सांगता आलं नसतं. फोनने एकामागून एक सुचवली आणि त्या ऐकत गेल्या. स्वीडन, नॉर्वे तिकडची. कुलरचं पाणी गरम झालेलं, खिडकीच्या काचेला हात लावता येत नाही, आणि फोनमधून बर्फाळ मुलखातली वाद्यं. त्यांच्याकडे एक सारंगीसारखं वाद्य आहे. वरच्या तारा गजाने वाजवतात. खाली आणखी तारा असतात, त्यांना कोणी स्पर्श करत नाही. वरची वाजली की खालची आपोआप बोलू लागते. आपल्या सतारीला असतात तशा तरफा, असं मी सांगितलं.

"न छेडता वाजतात?" मीनलने विचारलं.

"न छेडता."

"आमचं वसतिगृह," सायली म्हणाली. "एक रडायला लागली की पूर्ण मजला."

भाषा दोघींना कळत नव्हती, त्यामुळे अर्थ त्या स्वतःच लावायच्या. एक दाढीवाला, भरदार आवाजाचा गृहस्थ फार कळवळून गायचा. सायली त्याच्या जागी हात जोडून अहिराणीत म्हणायची, "बठ्ठं पानी सरी गयं, माय, कुलर बंद कर." त्यावर मीनल तिच्या सावद्याच्या बोलीत ओरडायची, "मंग टाकीत टाक ना व बाई!" दोघी लोळून हसायच्या. गाणं तिकडे संपून गेलेलं असायचं.

फक्त एका गाण्याला त्या हसत नसत. त्यात वाद्य नव्हतं, शब्द नव्हते. एका बाईचा आवाज, एकटा, उघड्यावरचा. तो खूप उंच चढायचा, वरच तुटायचा, मग लांबून त्याचाच पडसाद यायचा. आवाज इतका बारीक होत जायचा की कुलरच्या घरघरीत ऐकू येत नसे. म्हणून त्या एका गाण्यासाठी दोघी कुलर बंद करायच्या. खोली पाहता पाहता तापायची. कपाळावरून घाम ओघळायचा आणि त्या गुडघे पोटाशी घेऊन बसून राहायच्या. गाणं संपलं की मीनल उठून बटण दाबायची.

त्या वर्षी आखाजीला आम्ही सगळे सावद्याला गेलो, सायलीही आली. अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, कडुलिंबाच्या झाडांना झोके बांधतात, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून तिच्यावर डांगर आणि गोड सांजोरी ठेवतात. पुरुष बांधावर पत्ते कुटतात. नानांच्या दारातल्या लिंबाला दरवर्षी झोका असतो. बायका गात होत्या, मीनल आणि सायली समोरासमोर उभ्या राहून झोका चढवत होत्या. झोका अगदी वर गेला तेव्हा मीनलने बायकांच्या गाण्यावरून ती हाक मारली. ती परदेशी, बिनशब्दांची, उंच. बायका गायच्या थांबल्या.

"काय व माय, कोल्हीन वरडली का?" एका आजीने विचारलं आणि सगळं अंगण हसलं.

नाना तेव्हा बांधावर पत्त्यांच्या डावात होते. त्यांनी ती हाक ऐकली नाही.

दिवाळीनंतर मीनलला ताप येऊ लागला. आधी जळगावात तपासण्या झाल्या, मग मोठ्या शहरातल्या दवाखान्यात. रक्ताचा आजार होता आणि उशीर झालेला होता. डॉक्टरांनी नानांना आणि मला बाहेर बोलावून हे सांगितलं. परत खोलीत जाण्याआधी नाना नळावर गेले, तोंड धुतलं, उपरण्याने पुसलं.

"तिले काही सांगायचं नाही," ते म्हणाले. "टायफाइड मुरला, रक्त कमी झालं. एवढंच."

घरातल्या प्रत्येकाने ते पाळलं. भेटायला येणाऱ्यांना दारातच समज दिली जायची. औषधांच्या वेष्टनांवरची नावं खरवडून काढली जायची. अक्का रोज सांगायची, अंगात रक्त भरलं की परीक्षेला बसायचं आहे. मीनल सांगायची, हो, बसणारच. प्रवेशपत्रासाठी तिने फोटोही काढून घेतला, स्कार्फ बांधून. आमच्याकडे हीच पद्धत आहे. दुखण्याचं नाव दुखणाइताला सांगत नाहीत. घरातली माणसं ते आपसांत वाटून घेतात.

उपचार थांबले तेव्हा तिला सावद्याला आणलं. ओसरीवर खाट टाकली, कारण तिला बाग दिसायला हवी होती. जवळ फोन, पेढ्याच्या डब्याएवढा एक स्पीकर आणि एका कादंबरीचा पूर्वार्ध. उत्तरार्ध सायलीकडे होता. अदलाबदल राहून गेली होती.

एका सकाळी तिने स्पीकरवर ती हाक लावली. नाना बागेतून आले होते, पाय चिखलाने भरलेले. दारातच थांबले.

"काय रडगानं लावलं व माय घरात? बंद कर थे."

तिने बंद केलं. कोणाच्या घरी मयत झाली की सावद्याकडच्या बायका ओसरीवर बसून सूर लावून रडतात. उंच, लांबवर जाणारा सूर. शेतातल्या माणसाला त्यावरून कळतं की कोणाच्या घरी काय झालं. नानांनी तो सूर ऐकला होता. त्यानंतर मीनल फोन कानाला लावूनच ऐकायची. थंडीत केळीची वाढ थांबते, बागा नुसत्या उभ्या असतात. त्या दिवसांत ती गेली. परीक्षा अजून सुरू व्हायची होती.

पुढचा उन्हाळा आला. आखाजीच्या आधी, भर दुपारी, नाना जळगावला आमच्या दारात उभे. एसटीने आले होते. डोक्यावर ओला पंचा, हातात पिशवी. पाणी प्यायले, कुलरसमोर बसले आणि पिशवीतून कोऱ्या कागदाच्या वेष्टनातलं अर्धं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं.

"तुले इंग्रजी येते. हे वाच आन मले सांग."

"काय सांगू?"

"याच्यातली पोरगी मरते का?"

मी पुस्तकाकडे पाहिलं. आत माशाची काडी नव्हती. ती कुठे राहिली असेल, असा विचार उगाच मनात आला.

"नाना, पुस्तकातलं काही..."

"शेवटाले हेच वाचत होती. आन थे रडगानं ऐकत होती. तिले माहीत होतं का, एवढंच मले पाहिजे." त्यांनी पंचा पिळला. पाणी फरशीवर पडलं ते पायाने पुसत राहिले. "माहीत नसंन तर बरं. माहीत असंन तर आमी सगळे तिच्या भोवती होतो, हसत होतो, आन ती एकटी होती. एवढं सांग."

हा प्रश्न त्यांनी अक्काला विचारला नव्हता. अक्का त्या काळात कोणाशीच फार बोलत नव्हती.

पुस्तक मी वाचलं. रोज कचेरीला जाण्याआधी थोडं थोडं, त्याच खोलीत, त्याच कुलरसमोर. बातमी तपासताना विचारायचे प्रश्न मनात ठेवून वाचलं. कोणी सांगितलं, कशावरून, दुजोरा आहे का. गोष्ट एका बर्फाळ बंदरातली होती. एका मुलीचा भाऊ मासेमारीच्या बोटीवर गेलेला आहे आणि बोटीची खबर नाही. गावाने आशा सोडली आहे. मुलगी रोज धक्क्यावर जाऊन कंदील लावते आणि लोक तिला चुकवून जातात. आजारी कोणी नव्हतं. कुठे खूण नव्हती, रेघ नव्हती, दुमडलेलं पान नव्हतं. सुरीने जिथे कापलं होतं तिथे वाक्य अर्धवट तुटलेलं होतं. धुक्यात दिवा दिसला, आणि तो. एवढंच.

"यात काही नाही," मी नानांना फोनवर सांगितलं.

"मंग पुढच्यात असंन."

"पुढचा भाग धुळ्याला आहे."

"मंग धुळ्याले जाय ना, भाऊ."

एरंडोल, पारोळा, मग धुळे. एसटीच्या खिडकीची काच तापून सरकत नव्हती. सायलीच्या घरी तिची आई आत सांजोऱ्यांचं पीठ मळत होती. सायली वाळली होती. तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि न विचारता उत्तरार्ध आणून दिला. त्यात चपलेची काडी होती.

"मामा, शेवट वाचलात तरी तुम्हाला काही कळणार नाही," ती म्हणाली.

"मग तू सांग. तिला माहीत होतं?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "काकांनी विचारलं का?"

"हो."

"मग मी काकांनाच सांगते. तुम्ही सांगितलं तर ती बातमी होईल."

तिच्या आईने आतून विचारलं, "कोन शे?" सायली म्हणाली, "मीनलचे मामा. मी आखाजीला सावद्याला जाते." आईने पीठ मळणं थांबवलं. मग म्हणाली, सणाच्या दिवशी पोरीला रिकाम्या हाताने पाठवणार नाही, सांजोऱ्या होऊ द्या.

आखाजीच्या दिवशी सायली आणि मी जळगावहून निघालो. भुसावळ येता येता दीपनगरच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागल्या. मीनल त्या दिसल्या की "आलं माझं घर" म्हणायची, घर अजून बरंच लांब असलं तरी. सायलीने तोंड दुसऱ्या खिडकीकडे वळवलं. सावद्यात घराघरांसमोर झोके होते, मुली होत्या, गाणी होती. नानांच्या लिंबाला काही नव्हतं. फांदीवर दोराने घासून गुळगुळीत झालेला पट्टा तेवढा दिसत होता.

घरात देवापुढे नानांच्या आईवडिलांची घागर भरली होती. तिच्या शेजारी एक लहानसा नवा गडू होता, पाण्याने भरलेला, वर डांगराची एक फोड. भावकीतल्या थोरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की लेकराची घागर भरत नाहीत. अक्काने कोणाशी वाद घातला नाही. घागर भरली नाही, गडू भरला.

सायलीने डबा अक्काच्या हातात दिला आणि ओसरीवर येऊन खाली बसली. खाट तिथेच होती. तिच्यावर कोणी बसत नसे. नाना उंबऱ्यावर टेकले.

"बोल, बेटा," ते म्हणाले. "खरं बोल."

"तिला माहीत होतं, काका."

नानांनी मान हलवली, जणू कोणी तारीख-वार सांगितला असावा. "कशावरून?"

"तिने मला शेवट विचारला."

नानांना ते कळलं नाही. सायलीने समजावून सांगितलं. पुस्तकाचे दोन तुकडे, नियम, कुल्फी. मीनल शेवट कधीच ऐकून घ्यायची नाही. आणि एक दिवस फोन करून म्हणाली, माझ्याकडचं संपलंय, पुढचं सांग. सायली म्हणाली, पाठवते ना मामांसोबत. तर म्हणाली, नको, तू सांग, आत्ताच. भाऊ परत येतो का?

"मंग?" नानांनी विचारलं. "येतो का?"

"नाही. पुस्तकात नाही येत." सायलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण मी सांगितलं, येतो. बोट सापडते, सगळे धक्क्यावर येतात, असं काहीतरी लावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हसली. म्हणाली, तुला कुल्फी लागू. मी म्हटलं, का? तर म्हणाली, खोटारडी. तूपण नानांसारखीच. खोटं बोलताना आवाज बारीक होतो."

शेजारच्या झोक्यावरच्या मुली गात होत्या. तो सूर आत येत राहिला.

"बारीक होतो?" नानांनी विचारलं. हे सायलीला नव्हतं. दारात अक्का उभी होती.

"होतो," अक्का म्हणाली. "लग्न झालं तवापासून होतो."

नाना हसल्यासारखे झाले आणि त्यांनी उपरणं तोंडावर धरलं. ते खाली घेऊन म्हणाले, "तिचा नाही झाला व. परीक्षेले बसतो म्हने. कसा खनखनीत."

"एकटी नव्हती ती, काका," सायली म्हणाली. "आम्ही रोज बोलायचो. आजाराचं नाही. बाकीचं सगळं."

"माह्याशी बोलली असती एकदा."

"तुम्ही रडाल म्हणून नाही बोलली."

"रडलो असतो," नाना म्हणाले. "मंग काय झालं असतं?"

आजारपणाच्या त्या दिवसांत बाप आणि लेक याच ओसरीवर बसून एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत राहिले आणि ती नीट लपवली फक्त लेकीने, एवढंच आता निश्चित म्हणता येत होतं.

ऊन कलल्यावर नानांनी कपाटातून तो स्पीकर आणि मीनलचा फोन काढला. फोन त्यांनी रोज चार्ज करून ठेवलेला होता. "थे रडगानं कोनतं?" त्यांनी विचारलं. "तिनं लावलं आन मी बंद केलं. काय म्हनते थे बाई त्याच्यात?"

"ते रडगाणं नाही, काका. ती गायींना बोलावते. तिकडे उन्हाळ्यात गुरं डोंगरावर चरायला नेतात. मुलीच नेतात. संध्याकाळी अशी हाक मारतात. लांब ऐकू जावी म्हणून आवाज इतका उंच. त्याला शब्द नसतात. गुरांना कळतं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. दुजोरा हवा होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मी तपासलंय."

"गुराखी पोरगी," नाना म्हणाले. त्यांनी दोनदा तसंच म्हटलं. मग स्पीकर उपरण्यात गुंडाळला आणि बागेकडे निघाले. सायली आणि मी मागे गेलो.

यंदाही आखाजी जवळ आली आहे. सायली शिकायला नाशिकला गेली आहे. पुस्तकाचे दोन तुकडे कोणी एकत्र शिवले नाहीत. पूर्वार्ध नानांच्या कपाटात आहे, उत्तरार्ध मी धुळ्याला परत पोचवला. सायली म्हणाली होती की अदलाबदल करायची तर दोघी हव्यात. परवा अक्काचा फोन आला. लिंबाला झोका बांधायचा का, असं शेजारच्या मुली विचारत होत्या, नाना हो म्हणाले. कचेरीत कालच्या तापमानाच्या बातमीला मथळा सुचत नव्हता, शेवटी मागच्याच वर्षीचा दिला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

मागच्या आखाजीच्या त्या संध्याकाळी बागेच्या कडेला, पंपाच्या खोलीजवळ, नानांनी स्पीकर हौदाच्या कठड्यावर ठेवला. दिवसभराच्या झळांनी केळीची पानं फाटून चिंध्या झाली होती आणि वारा पडल्यामुळे ती गप्प लोंबत होती. ठिबकचं पाणी जमिनीत उतरल्याचा वास येत होता. सायलीने गाणं लावून दिलं. आवाज पूर्ण सोडला. ती हाक उठली, केळीच्या ओळींमधून आत गेली, वर चढली, तुटली, पुन्हा उठली. नाना उभे राहून ऐकत होते, हात पाठीमागे. संपल्यावर म्हणाले, "अजून एकदा."

दुसऱ्या वेळी पलीकडच्या बागेतून शेजारच्या आबांचा आवाज आला. ते दिसत नव्हते.

"नाना! कोन रडून राह्यलं रे तिकडं?"

नानांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"रडत नाही, आबा! गुराखी पोरगी हाये! तिची ढोरं डोंगरात गेली, त्यायले हाक मारून राह्यली. घरी या म्हनते!"

मग आबांनी विचारलं, "मंग आली का?"

नानांनी बागेकडे पाहिलं. आत आता अंधारायला लागलं होतं.

"येतील," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता.